तुझ्या भुकेबद्दल, आक्का

आक्का, तुझ्याबद्दल या घरात एक खोटी गोष्ट सांगितली जातेय आणि गेले बारा दिवस मी ती मान खाली घालून ऐकतेय.

भेटायला येणारी प्रत्येक बाई ती ऐकते आणि जाता जाता दारातल्या दुसरीला सांगते. परवा निपाणीहून तुझ्या तंबाखूच्या वखारीतल्या जुन्या मैत्रिणी आल्या होत्या. त्यांच्यातली एक पदराने डोळे पुसत म्हणाली, "खात्यापित्या घरातली बाई, टीव्हीवर बघून उपाशी ऱ्हायली की हो. बारीक व्हायचं याड लागलं हुतं म्हनं." बाकीच्या चुकचुकल्या. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. तो ट्रे कुणाच्या तरी हातात देऊन मी परसात निघून गेले.

टीव्हीवर बघून, हे शब्द तुझेच. तू ते डॉक्टरांसमोर बोललीस आणि सगळ्यांनी खरे धरले. मी सोडून सगळ्यांनी. कारण मला माहीत होतं की तुला उपाशी टीव्हीने ठेवलं नव्हतं. मी ठेवलं होतं.

तुला हे नव्याने सांगायला नको. पण तू होतीस तोवर मी हे धड तोंडाने बोलले नाही, आणि आता बोलायला लागले तर समोर तुझी रिकामी खुर्ची आहे. अण्णांनी ती परसातून हलवू दिलेली नाही. तुझे मालक, माझे मोठे दीर म्हणून त्यांना मी तीस वर्षं फारसं काही विचारलेलं नाही, खुर्चीचंही विचारलं नाही.

मी या घरात धाकटी सून म्हणून आले तेव्हा तुझी इथली दहा वर्षं होऊन गेली होती. मी डी.एड. झालेली, गावातल्या मराठी शाळेत लागलेली. तू कंग्राळीची, चौथीनंतर शाळा सोडून शेतात गेलेली. पहिली चार वर्षं मी तुला अहो-जाहो करत होते. एकदा भांडणात तोंडातून "तू" निघालं आणि तू भांडण सोडून हसत सुटलीस. "आत्ता जाऊ झालीस बघ माझी," म्हणालीस. मात्र मला तू बाईच म्हणायचीस, वर्गातली पोरं म्हणतात तसं. वाचायचं असेल ते सगळं माझ्याकडे यायचं. खताच्या पिशवीवरची सूचना, कन्नडमध्ये आलेली नोटीस, औषधाची चिठ्ठी. मी सांगेन ते तुला प्रमाण. आधी मला याचा अभिमान वाटायचा. आता नाही वाटत.

आमच्या शाळेत रक्ततपासणीचं शिबिर झालं त्या वर्षीची गोष्ट. मला थायरॉईड असल्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. माझा सुस्त, अंगाला जडपणा आणणारा. तिसऱ्या तासाला मला वर्गातच झोप यायची, साड्यांचे ब्लाउज दर दिवाळीला उसवावे लागायचे. शिबिरात तुझंही रक्त घेतलं, कारण तू मला डबा द्यायला आली होतीस आणि मीच म्हटलं, बस की, फुकट आहे. आठ दिवसांनी कागद आला. थायरॉईडच्या ओळीपुढे ठळक खूण होती. माझ्या कागदावर तिथला आकडा नेहमी मोठा यायचा. तुझ्या कागदावर शून्य, मग टिंब, मग पुन्हा शून्य, आणि त्याच्या पुढे एक एकुलता आकडा.

मी गणित शिकवते, आक्का. लहान आकडा म्हणजे लहान दुखणं, असं मी धरलं.

"दवाखान्यात जायाला पायजे काय गं?" तू विचारलंस.

"कशाला? माझ्या पाव पट पण नाही तुला," मी म्हटलं. "पथ्य पाळ, जाईल."

हा आकडा उलटा चालतो, तो खाली घसरला की ग्रंथी जोरात पळत असते, हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नसणं हा गुन्हा नाही, असं मी बारा दिवस स्वतःला समजावतेय. पण ठाऊक नसताना ठाऊक असल्यासारखं बोलणं, ही आम्हा मास्तरलोकांची खोड. मला कुणी विचारलं की उत्तर नाही हे म्हणताच येत नाही.

मग मी माझी पथ्याची यादी तुझ्या गळ्यात घातली. सुस्त थायरॉईडवाल्या बाईची, वजन उतरवायची यादी. कोबी बंद, फ्लॉवर बंद, शेंगदाणे बंद. एका वेळी एकच भाकरी, भात वाटीभर. दिवस मावळायच्या आत जेवण आणि सकाळी उठून ओढ्याच्या पुलापर्यंत झपाझप चालणं. घरात एकच चूल, थायरॉईड दोघींना, म्हणून पथ्यही एकच. खरं सांगू? मला सोबत हवी होती. एकटीने पथ्य करणं म्हणजे सगळे पंगतीत बसलेले असताना वाढपी होणं. तू असलीस की ते सोपं जायचं.

आणि तू झरझर उतरायला लागलीस. मी तीच भाकरी खाऊन होते तिथेच, आणि तुझ्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. तुझ्या माहेरी कंग्राळीला भाचीचं लग्न होतं. तिथे सगळ्या जणी तुला बघून, "आक्का, काय गं, पोरीवानी दिसालीस," करत होत्या. तू माझ्याकडे बोट करून सांगत होतीस, "ह्या बाईनं करून घेतलंय." त्यांनी ते थट्टेवारी नेलं, पण मी मिरवले, आक्का. आणि मनातून जळलेदेखील. माझी यादी, आणि फळ तुला! घरी आल्यावर मी तुझी संध्याकाळची भाकरी अर्ध्यावर आणली. तुला सांगितलं, आता मध्येच सोडायचं नाही, टिकवायचं.

तुझे हात थरथरायचे ते मी पाहिलं होतं. भाकरी थापताना ती एका बाजूला जायची, आणि तू जन्मात वेडीवाकडी भाकरी केली नव्हतीस. ऐन पौषात तू अंगावर पांघरूण घेत नव्हतीस, फरशीवर पालथी पडायचीस. पुलापर्यंत चालताना छातीला हात लावून थांबायचीस. "बाई, हितं कोंबडं फडफडल्यागत हुतंय," म्हणायचीस. मी म्हणायचे, सवय नाही तुला, होईल. पूर्वी कुणाला उलट न बोलणारी तू एक दिवस मीठ जास्त पडलं म्हणून अण्णांवर ताट आपटलंस. आम्ही वयावर ढकललं. सगळ्याला माझ्याकडे उत्तर होतं.

पण मला छळतंय ते हे नाही. मला छळतेय ती एक दुपार.

शाळा लवकर सुटली होती. मी मागच्या दाराने आले तर स्वयंपाकघरात डब्याचं झाकण वाजलं. तू भिंतीकडे तोंड करून खाली बसली होतीस, मांडीवर शेंगदाण्याचा डबा, आणि मुठीमुठीने खात होतीस. सोबत गूळसुद्धा नव्हता. चावायलासुद्धा तुला दम नव्हता. माझी चाहूल लागली तशी तू मूठ पदराखाली लपवलीस. पन्नाशी उलटलेली बाई, या घराची थोरली, जिने मला इथल्या दुधाचा हिशेब आणि सासूबाईंचा राग दोन्ही शिकवलं, ती माझ्यासमोर खाल्लेलं लपवत होती.

"आक्का, लाज वाटत नाही? जिभेला जरा लगाम घाल की," मी म्हटलं.

तू डबा बाजूला ठेवलास. "भूक लागली गं, सुमन," म्हणालीस. त्या दिवशी बाई नाही म्हणालीस. "जेवून उठलं की लगीच लागतीया. पोटात कुनीतरी दुसरं बसल्यागत."

मी डबा वरच्या फळीवर ठेवला. तुझा हात तिथे पोचत नव्हता.

हल्ली दुपारी स्वयंपाकघरात कुणी नसतं तेव्हा ते झाकण वाजतं. मी जाऊन बघते. डबा आता खालीच असतो, कुणी हात लावलेला नसतो. माझ्या मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, मांजर असेल. आपल्याकडे मांजर नाही, हे त्यालाही माहीत आहे.

शेवटी तू रानात बांधावर मट्‌कन बसलीस आणि उठलीच नाहीस, तेव्हा अण्णांनी गाडी काढली. बेळगावला, अनगोळला तुझ्या लेकीचं, वैशालीचं सासर, तिच्या ओळखीचे डॉक्टर. मीही आले होते. त्यांनी तुला हात पुढे करायला सांगितलं आणि तुझ्या पसरलेल्या बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागद सारखा फडफडत राहिला. पंखा बंद होता. डॉक्टरांनी मान हलवून कन्नडमध्ये विचारलं, ऊटा? म्हणजे जेवणखाण कसं आहे? अण्णांनीच उत्तर दिलं, हिला थायरॉईड आहे म्हणून ही कमी खाते. मग शिबिरातला कागद निघाला. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला.

"अहो, हा पळणारा थायरॉईड आहे," ते म्हणाले. "जोरात पळतोय. शरीर आतून जळतंय आणि तुम्ही त्यात लाकूडच घालत नाही. हिला दुप्पट जेवण पाहिजे. हृदय किती दिवस असं पळतंय, देव जाणे. हे पथ्य सांगितलं कुणी?"

मला वाटलं, आता माझं नाव येईल. मी साडीचा काठ मुठीत धरून ठेवला होता. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस.

"कुनी न्हाय सांगितलं, साहेब," तू म्हणालीस. "माझं मीच. टीव्हीवर बघून."

अण्णा तुला बाहेरच्या बाकावर नको नको ते बोलले. वैशाली तिच्या परीने बोलली. या वयात बारीक व्हायची हौस, लोक काय म्हणतील. तू खाली मान घालून ऐकत होतीस आणि मी तुझ्या शेजारी बसून पाण्याची बाटली धरली होती. एवढंच केलं मी. तुला पाणी दिलं.

मला वाचवायला बोललीस का, आक्का? की तुला खरंच असं वाटलं की यादी कुणाचीही असो, जेवली नाहीस ती तूच? एवढ्या मोठ्या घरात माझी मान खाली जाऊ नये म्हणून? मी मनात शंभर वेळा विचारलं. तुला मात्र एकदाही विचारलं नाही.

पुढचं दीड वर्ष मी तुला खायला घातलं. ते तरी मी मन लावून केलं, हे तू मानशील. सकाळी नाचणीची आंबील, नऊला दोन अंडी, अकराला केळं, जेवणात डाळ आणि तूप, दुपारी दही, संध्याकाळी शेंगदाण्याचा लाडू. हाडं आतून पोकळ होतात म्हणून दूध दोन वेळा. एका वेळी पोटभर नको, थोडं थोडं आणि सारखं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. उपास सगळे बंद, गोळी मात्र ठरल्या वेळी. सुकी मासळी आवरती घेतली, कारण त्यातलं आयोडीन म्हणजे तुझ्या दुखण्याला खुराक. आणि कोबी? कोबी खुशाल खा म्हणाले. तू त्यावर इतकी हसलीस की डॉक्टरही हसले. घरी येताना बाजारातून तीन गड्डे घेतलेस आणि आठवडाभर पचडी केलीस. मला ती घशाखाली उतरत नव्हती.

आपली खरी भांडणं झाली ती मिश्रीवरून आणि चहावरून. जेवणानंतर परसात दात घासत बसायचं, भाजलेल्या तंबाखूचा तो उग्र वास, आणि गावभरच्या गोष्टी. वखारीत असताना लागलेली तुझी सवय, नंतर मलाही लावलेली. डॉक्टर म्हणाले, तंबाखू कुठल्याही रूपात नको, छातीचे ठोके वाढतात आणि या दुखण्याने तुझे डोळे आधीच पुढे आलेत. कडक चहाचंही तेच. मी डबी उचलून चुलीत टाकली. त्यावर तू दोन दिवस बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी म्हणालीस, "आधी जेवायला न्हाय दिलंस, आता मिश्री न्हाय. बाई, मला नेमकं काय देनार हाईस तू?"

थट्टाच होती ती. तू हसतच बोललीस. पण एवढ्या काळात त्या गोष्टीला तू हात लावलास तो तेवढाच. मी तिथेच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. "आक्का, ती यादी," एवढं म्हटलं. तू हात झटकलास. "जाऊ दे गं. वाढ मला." आणि मी वाढलं. सोपं होतं ना ते. मी मिश्री सोडली, तुझ्याबरोबर. पण परसात बसणंही सुटलं, आणि हे माझ्या नंतर लक्षात आलं. हाताला काही नसलं की बायकांना नुसतं बोलत बसता येत नाही, का कोण जाणे.

एक भांडण अर्धंच राहिलंय. ग्रंथी कायमची शांत करणारं ते किरणोत्सारी औषध तू घ्यावंस म्हणून मी मागे लागले होते. ते घेतल्यावर काही दिवस लहान मुलांपासून लांब राहायचं होतं. आणि वैशालीची पोर तेव्हा नुकती रांगायला लागली होती, दर रविवारी तुझ्या मांडीवर. "तिला चालू दे, मग घीन," म्हणालीस. मी म्हटलं, ती चालेल तेव्हा तू नसलीस तर? मला बोलायला नको होतं ते. तू उठून गेलीस. ती चालायला लागली, आक्का. तुझ्या दहाव्याला, ओसरीच्या सोप्यातून मधल्या सोप्यात. सगळ्यांनी रडत रडत टाळ्या वाजवल्या.

डॉक्टर म्हणाले, औषधाने थायरॉईड आटोक्यात आला होता, पण हृदय आधीच थकलं होतं. आधीचे ते आठ-नऊ महिने नडले. मी ते शब्द ऐकले आणि मोजले. शिबिरापासून त्या बांधापर्यंत बरोबर तेवढेच भरतात.

म्हणजे तू गेलीस ती माझ्यामुळे, असं मी म्हणत नाही. म्हणायलाही भीती वाटते. पण तुझ्या माघारी तुला हावरी म्हणताहेत, बारीक व्हायची, तरुण दिसायची हावरी. जिने आरशात कधी कुंकवापुरतंही नीट बघितलं नाही, तिला. हे मी तुझ्या दारात कसं चालू देऊ? जिवंत होतीस तोवर चालू दिलं. तू माझी लाज झाकलीस आणि मी ती तुझ्या अंगावर तशीच राहू दिली.

आज तेरावा झाला. पाहुणे गेले, मांडव उतरला. वैशाली तुझ्या साड्यांच्या घड्या घालत होती. ती म्हणाली, "काकी, मला आईचा राग येतोय. मेलेल्या माणसाचा राग येऊ ने म्हंत्यात, पन येतोय. तिनं आपल्या हातानं करून घेतलं. दोन घास खाल्ले असते तर आज हितं बसली असती की. माझ्या पोरीपेक्षा तिला बारीक असणं मोठं झालं व्हय?"

तिच्या आवाजात तुझ्या घराण्याचा तो करारीपणा होता. मी तिच्या हातातली साडी घेतली आणि खाली ठेवली. भिंतीला टेकून बसले. मग सगळं सांगितलं. शिबिरातला कागद, मी वाचलेला आकडा, माझी यादी, अर्धी केलेली भाकरी, वरच्या फळीवर ठेवलेला डबा. डॉक्टरांसमोर तू काय बोललीस आणि मी काय बोलले नाही. मध्ये थांबले नाही, नाहीतर पुन्हा जमलं नसतं. अण्णा दारात कधी येऊन उभे राहिले मला कळलं नाही. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते बाहेर गेले आणि परसात तुझ्या खुर्चीजवळ जमिनीवर बसले.

मला वाटत होतं वैशाली ओरडेल. मला घराबाहेर काढेल, निदान तोंड फिरवेल. मी त्याला तयार होते. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने खाली ठेवलेली साडी उचलून मांडीवर घेतली. मग तिने विचारलं, अगदी हळू, लहान मुलीने विचारावं तसं.

"काकी, त्या महिन्यांत आई भूक लागली म्हणायची काय हो?"

आक्का, मी इतकी वर्षं शिकवते, पण एवढं अवघड उत्तर मला कधी द्यावं लागलं नव्हतं.

"व्हय," मी म्हटलं. "रोज म्हणायची."